पत्त्यातील शेवटची दोन अक्षरे

पत्रावरचा पत्ता आपण वरून खाली लिहितो. आधी माणसाचे नाव, मग घर, आळी, गाव, जिल्हा, पिन क्रमांक, आणि पत्र परदेशातून येणार असेल तर सर्वांत शेवटी देशाचे नाव. टपालखात्यातला माणूस मात्र तो पत्ता खालून वर वाचतो. समजा, जपानमधल्या कोणी सावंतवाडीच्या चितारआळीतील एका दुकानाला पत्र टाकले. चितारआळी कोठे आहे हे तोक्योच्या टपाल कचेरीला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. तिथल्या कर्मचाऱ्याने 'भारत' एवढा एकच शब्द वाचला की त्याचे काम संपले. पत्र भारतात पोचल्यावर इथला माणूस पिन पाहतो: ४१६५१०. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन आकडे मिळून वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन थेट टपाल कचेरीपर्यंत नेतात. चितारआळीतले दुकान शोधायचे काम राहिले सावंतवाडीच्या पोस्टमनकडे.

ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि शिवाय संस्कृत कवी व नाटककार! एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते या गोंधळातून त्यांनी सहा आकड्यांची वाट काढली. या पद्धतीतली खरी खुबी मात्र आकड्यांत नाही. साखळीतल्या कोणालाच सगळे पत्ते पाठ असावे लागत नाहीत, पुढे कोणाकडे द्यायचे एवढे प्रत्येकाला कळले की पुरते, ही ती खुबी.

इंटरनेटवरचा पत्ताही असाच शेवटापासून वाचायचा असतो. आणि बहुतेक मोठी माणसेसुद्धा तो सुरुवातीपासून वाचतात, म्हणून फसतात.

आता आपल्या त्या चितारआळीतल्या दुकानाकडे वळू. दुकान काल्पनिक आहे. पण लाकडी फळे, बाहुल्या, बैलगाड्या, रंगीत पाट विकणारी तशी दुकाने सावंतवाडीला खरोखरच आहेत. दुकानाच्या मालकांनी संकेतस्थळ काढायचे ठरवले. नाव काय घ्यावे? पुतण्या म्हणतो, "काका, डॉट कॉमच घ्या, सगळे तेच घेतात." शेजारचा छापखानावाला म्हणतो, "डॉट इन घ्या." काका म्हणतात, "दोन्हींत फरक काय?" हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याच्या मुळाशी जायचे तर आधी संगणक एकमेकांना हाक कशी मारतात ते पाहावे लागेल.

(सोयीसाठी या लेखात सारे पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. 'अमुकखेळणी.इन' असे येथे दिसले तरी पडद्यावर ते रोमन अक्षरांत असते असे समजावे. देवनागरीतल्या खऱ्या पत्त्यांविषयी पुढे सांगेन.)

एका यादीची गोष्ट

इंटरनेटला जोडलेल्या संगणकाची ओळख म्हणजे एक संख्या. ती चार भागांत लिहितात, उदाहरणार्थ २०३.०.११३.२५. प्रत्येक भागात ० ते २५५ पैकी कोणताही आकडा येऊ शकतो. मग असे एकूण पत्ते किती होतील? २५६ ला २५६ ने असे चार वेळा मांडून गुणा. उत्तर येते ४,२९,४९,६७,२९६. सव्वाचारशे कोटींहून अधिक! तेही आता अपुरे पडले आहेत आणि त्याहून कितीतरी लांब पत्त्यांची नवी पद्धत सुरू झाली आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

संगणकाला संख्या सोपी, माणसाला नाव सोपे. म्हणून अगदी सुरुवातीपासून नाव आणि संख्या यांची जोडी लावणारी एक यादी होती. अमेरिकेत १९७० च्या दशकात आर्पानेट नावाचे जाळे होते. इंटरनेट पुढे त्यातूनच वाढले. त्याची यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या एका कचेरीत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर या तिच्या प्रमुख. कोणी नवा संगणक जोडला की या कचेरीला कळवायचे, कचेरी यादीत एक ओळ वाढवणार, आणि बाकीचे सगळे संगणक त्या यादीची नक्कल उतरवून घेणार.

वाडीत वीस-पंचवीस घरे असतात तोवर अशी यादी चालते. घरे शेकड्यांनी झाली की एकेक कटकट सुरू होते. यादी लांबत जाते. नक्कल उतरवीपर्यंत मूळ यादी बदललेली असते. एकच नाव दोघांना हवे असते. आणि सारा भार एकाच कचेरीवर. १९८३ साली जॉन पोस्टेल यांनी हा प्रश्न दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्यावर सोपवला. मोकापेट्रिस यांनी यादी मोठी करण्याऐवजी ती फोडली. एकाच यादीऐवजी याद्यांचे झाड. आणि झाडाच्या प्रत्येक फांदीची जबाबदारी वेगळ्या माणसावर. आपल्या पिनची खुबी तीच याची खुबी.

आज कोणी पुण्यात बसून 'अमुकखेळणी.इन' असे टंकलिखित करतो तेव्हा काय घडते ते सावकाश पाहू. प्रत्यक्षात हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकलेले असते. त्याचा संगणक इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या एका शोधक संगणकाला विचारतो, "या नावाची संख्या कोणती?" शोधकाला ती ठाऊक नसेल तर तो झाडाच्या मुळाशी जातो. मुळाची यादी सांभाळणारे संगणक 'ए' ते 'एम' अशा १३ नावांनी ओळखले जातात. एकेका नावाच्या अनेक प्रती जगभर ठेवलेल्या आहेत, काही आपल्या मुंबईतही. मूळ-संगणकाला चितारआळी माहीत नाही, तोक्योच्या कर्मचाऱ्यासारखीच. तो नावाचा फक्त शेवटचा तुकडा पाहतो आणि म्हणतो, "इन? मग इनच्या यादीवाल्याकडे जा, हा त्याचा पत्ता." इनचा यादीवाला म्हणतो, "अमुकखेळणी? होय, हे नाव माझ्याकडे नोंदलेले आहे. त्याची माहिती अमक्या संगणकावर आहे." तो संगणक शेवटी संख्या सांगतो आणि पुण्यातल्या माणसाच्या पडद्यावर लाकडी आंबे झळकतात. शोधक संगणक हे उत्तर काही काळ लक्षात ठेवतो, त्यामुळे लगेच मागून येणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी एवढी पायपीट करावी लागत नाही.

खरे तर प्रत्येक नावाच्या अखेरीस आणखी एक टिंब असते: 'अमुकखेळणी.इन.' असे. ते शेवटचे टिंब म्हणजे झाडाचे मूळ. ते आपण लिहीत नाही, संगणक समजून घेतो.

आता काकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हाती आले. शेवटचा तुकडा शोभेचा नाही. आपले नाव कोणाच्या वहीत लिहिले जाणार, ते तो तुकडा ठरवतो. वहीचा धनी तोच नियम करतो, तोच फी ठरवतो, आणि भांडण झाले तर त्याच्याच नियमांनी ते सुटते.

दोन अक्षरे कोठून आली?

१९८४ मध्ये शेवटच्या तुकड्यांची पहिली यादी ठरली. व्यापारी संस्थांसाठी कॉम, शिक्षणासाठी एज्यु, अमेरिकी सरकारसाठी गव्ह, इतर संस्थांसाठी ऑर्ग, असे काही. आणि प्रत्येक देशासाठी दोन अक्षरे. पण देश कोणता आणि देश नव्हे ते कोणता, हे कोणी ठरवायचे? यात संगणकवाल्यांनी पडणे म्हणजे आगीत हात घालणे. पोस्टेल यांनी त्यावर नामी तोड काढली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७४ सालीच देशांच्या दोन-दोन अक्षरी खुणांची एक यादी प्रसिद्ध केलेली होती. तीच जशीच्या तशी उचलली. त्या यादीत आपण 'आय-एन', म्हणून इन. जर्मनी स्वतःला डॉइचलांट म्हणतो, म्हणून 'डी-ई'. स्वित्झर्लंडची 'सी-एच' ही खूण त्याच्या लॅटिन नावावरून आलेली. ब्रिटनची खूण त्या यादीत 'जी-बी' असूनही तिथे 'यू-के' रूढ झाले. नियमाला अपवाद हवाच!

देशाची खूण म्हणजे देशाची संपत्तीही ठरू शकते. कॅरिबियन समुद्रात अँग्विला नावाचे चिमुकले ब्रिटिश बेट आहे, वस्ती पंधरा-सोळा हजारांची. त्याला खूण मिळाली 'ए-आय'. इंग्रजीत कृत्रिम बुद्धिमत्तेची आद्याक्षरे नेमकी तीच! जगभरच्या कंपन्या हे शेपूट घेण्यासाठी धावल्या आणि २०२३ साली बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा नुसत्या या नावांच्या फीमधून आला. पॅसिफिक महासागरातल्या तुवालूचे 'टी-व्ही' हे असेच नशीब.

उलट बाजूही आहे. देशाच्या खुणेवर बांधलेले नाव देशाच्या दैवाबरोबर हलते. युगोस्लाव्हिया फुटला, आणि त्याचे 'वाय-यू' २०१० मध्ये मुळाच्या यादीतून कायमचे पुसले गेले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ च्या जानेवारीपासून ब्रिटनमधल्या लोकांची व कंपन्यांची 'ई-यू' नावे बंद पाडण्यात आली, कारण ते शेपूट संघातल्यांसाठीच होते. ज्यांनी दुकानाच्या पाट्या, पिशव्या, बिले त्या नावाने छापली होती त्यांचे काय झाले असेल, विचार करा.

आपली वही

आपले 'इन' ८ मे १९८९ रोजी मुळाच्या यादीत दाखल झाले. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे खूण सहा वर्षे आधीच मिळालेली होती! तिची वही मुंबईत होती, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे. नियम कडक होते. कंपन्यांनी 'को.इन' खाली नाव घ्यायचे, दुकाने व भागीदारी पेढ्यांनी 'फर्म.इन' खाली, इंटरनेट पुरवणाऱ्यांनी 'नेट.इन' खाली, एकट्या व्यक्तीने 'इंड.इन' खाली. पात्रता पाहिल्याशिवाय नाव मिळत नसे. डॉट कॉमला यातले काही लागत नव्हते. पैसे भरा, नाव घ्या. परिणाम व्हायचा तोच झाला. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत 'इन'च्या वहीत जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली, आणि त्याच काळात 'डॉट कॉम' हा शब्द आपल्याकडे संकेतस्थळाचा समानार्थी होऊन बसला. पुतण्या म्हणतो "सगळे तेच घेतात", त्याची मुळे इथे आहेत. शिस्त चांगली, पण गिऱ्हाइकाला दारातच इतके प्रश्न विचारले की ते शेजारच्या दुकानात जाते!

२००३ साली राष्ट्रीय इंटरनेट विनिमय संस्था स्थापन झाली. तिला 'निक्सी' म्हणतात. 'इन'ची वही तिच्याकडे आली आणि २००५ च्या सुरुवातीला दारे उघडली. आता 'को.इन' वगैरे मधली पायरी न घेता थेट 'अमुकखेळणी.इन' घेता येऊ लागले, कोणालाही. २०१० च्या मार्चपर्यंत नावे सहा लाखांच्या वर गेली, पुढच्या वर्षी दहा लाखांपलीकडे. आज ती ४० लाखांच्या आसपास आहेत. खूप वाटतात ना? जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींच्या घरात, आणि तिच्या वहीत १ कोटी ७० लाखांहून अधिक नावे! तिथला सुतार, डॉक्टर, बेकरीवाला सहजच 'डी-ई' घेतो. आपल्याकडे दुकाने कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही.

मग काकांनी 'इन' का घ्यावे? देशाभिमान हे एक उत्तर. पण दुकानदाराला त्याहून रोकडे उत्तर हवे असते, आणि ते आहे.

पहिली गोष्ट नावाची. एका वहीत एक नाव एकदाच लिहिता येते. कॉमची वही चाळीस वर्षांची जुनी आणि सबंध जगाची. आखूड, सुटसुटीत नावे तिथे कधीच संपली. मग लोक नावापुढे आकडे जोडतात, आडव्या रेघा घालतात, आणि फोनवरून गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना जीभ वळत नाही. 'इन'च्या वहीत अजून जागा आहे.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. पत्ता 'इन' ने संपतो हे पाहून माणसाला कळते की भाव रुपयांत असणार, पार्सल देशातच फिरणार. शोधयंत्रेही देशाचे शेपूट ही त्या देशातल्या वाचकांसाठी असल्याची एक खूण मानतात. नुसत्या शेपटामुळे दुकान यादीत वर येत नाही, मजकूर चांगला लागतोच. पण खूण उपयोगाची आहे. (अँग्विलाच्या 'ए-आय'ला मात्र शोधयंत्र आता बेटाची खूण मानत नाही. इतक्या परक्यांनी ती वापरली की तिचा अर्थच झिजला.)

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: भांडणाची. उद्या कोणी काकांच्या दुकानाचे नाव, एखादे अक्षर फिरवून, आपल्या नावावर नोंदवले आणि त्यावर नकली खेळणी विकू लागला तर? 'इन'च्या नावांसाठी भारतातच लवादाची सोय आहे, भारतीय कायद्याखाली. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: ते नाव माझ्या नावाशी किंवा व्यापारचिन्हाशी फसवण्याइतके मिळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले. लवादाने साधारण साठ दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा असते. कॉमसाठीही अशी व्यवस्था आहे, पण ती जागतिक संस्थांमार्फत चालते आणि तिची फी डॉलरमध्ये मोजावी लागते. छोट्या दुकानदाराला हा फरक फार मोठा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात संकेतस्थळाच्या नावाला व्यापारी नावासारखेच संरक्षण मिळते असे सांगितले. त्या वादाचे मूळ काय होते? जवळजवळ सारखे नाव. इंग्रजी 'एफ' एक की दोन, एवढाच काय तो फरक!

चौथी गोष्ट फीची. वर्षाची फी साधारणतः काही शेकडा रुपये, तिचा एक भाग वहीच्या धन्याकडे जातो. कॉमच्या बाबतीत तो धनी एक अमेरिकी कंपनी आहे, 'इन'च्या बाबतीत निक्सी.

आता काही गैरसमज. 'इन' आहे म्हणजे संकेतस्थळाचा संगणक भारतात आहे, असे नाही. नाव आणि संगणकाची जागा यांचा संबंध नसतो. सावंतवाडीच्या दुकानाचा माल कोल्हापूरच्या गोदामात असावा तसे ते आहे. दुसरे म्हणजे, काकांची खेळणी उद्या परदेशी जाऊ लागली तर त्यांनी कॉमचेही नाव घेऊन ठेवायला हरकत नाही. दोन्ही नावे एकाच जागी नेता येतात. आणि तिसरा गैरसमज सर्वांत घातक: 'इन' आहे म्हणजे दुकान खरे आहे. तसे मुळीच नाही! २००५ पासून हे नाव कोणालाही घेता येते. दारे उघडली की पाहुण्यांबरोबर चोरही आत येतात.

बँकेची पाटी

मग ज्या ठिकाणी खरे-खोटे कळणे अगदी जरूर असते तिथे काय करायचे? तिथे झाडावर एक राखीव फांदी काढायची आणि तिच्या दाराशी पहारेकरी बसवायचा. सरकारी कचेऱ्यांसाठी 'गव्ह.इन' अशी राखीव फांदी आहे, महाविद्यालये व विद्यापीठांसाठी 'एसी.इन'. २०२५ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांसाठी 'बँक.इन' ही नवी फांदी जाहीर केली, आणि सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे तिच्यावर न्यावीत असे फर्मावले. नोंदणी करून देण्याचा अधिकार एकट्या हैदराबादच्या एका संस्थेला दिला. बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्था हे तिचे नाव. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही हा आदेश लागू आहे. महाराष्ट्रात अशा बँका गावोगावी आहेत. तुमच्या आजीची ठेव कदाचित त्यांतल्याच एखाद्या बँकेत असेल.

पण पहारेकरी बसवून काम भागत नाही, पाटी वाचता आली पाहिजे. हे दोन पत्ते पाहा:

अमुकबँक.बँक.इन

अमुकबँक.बँक.इन.खातेतपासा.कॉम

घाईत डावीकडून वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्यात 'बँक.इन' ही अक्षरे आहेतच की! पण उजवीकडून वाचा. दुसरा पत्ता संपतो 'कॉम' ने. म्हणजे वही कॉमची. त्या वहीत नोंदलेले नाव 'खातेतपासा'. हेच त्या पत्त्याचे खरे मालकी नाव. ते कोणा भामट्याने शेदोनशे-पाचशे रुपयांत घेतलेले असू शकते. त्याच्या डावीकडे त्याने काय वाटेल ते लिहावे, स्वतःच्या घरातल्या खोल्यांना नावे द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. एखाद्याने आपल्या माडीला 'रिझर्व्ह बँक' नाव दिले म्हणून ती रिझर्व्ह बँक होत नाही. पत्त्यात तिरकी रेघ आली तर तिच्या पुढचा सारा मजकूर वाचताना सोडून द्यायचा. ती रेघ म्हणजे घराचा उंबरठा, पलीकडे आतली कपाटे. रेघेच्या अलीकडचा शेवटचा तुकडा धरून उलटे यायचे.

देवनागरी पाटी

आता देवनागरीतल्या खऱ्या पत्त्यांविषयी. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'इन'चे देवनागरी भावंड सुरू झाले: डॉट भारत. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते आहे. पुढे इतर भारतीय लिप्यांतही तशी शेपटे आली. त्यामुळे काकांना 'अमुकखेळणी.भारत' अशी पाटी लावता येते, आणि गिऱ्हाइकाला ती मराठीतच टंकता येते. नावांच्या झाडाला मात्र फक्त साधी रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघच समजते. म्हणून पडद्याआड प्रत्येक देवनागरी नावाचे एका ठरलेल्या रीतीने रोमन अक्षरांच्या एका कडबोळ्यात रूपांतर होते. आपल्याला दिसते मराठी, वहीत लिहिले जाते ते कडबोळे.

यात मराठीची एक खास अडचण आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द लिहून पाहा. एकाचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा डोंगरांमधल्या खोल जागा. हिंदी भाषकाला दुसऱ्या शब्दातला तो 'ऱ्या' बहुधा अनोळखी असतो, आपल्याला मात्र तो रोज लागतो. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावे आहेत, आणि एकच दिसणारे अक्षर दोन निराळ्या तऱ्हांनी टंकता येऊ नये, नाहीतर भामट्याला आयतीच फट सापडेल, हे नियम करणाऱ्यांना बारकाईने पाहावे लागते. आणखी एक उणीव आहे. काही संकेतस्थळे आणि कार्यक्रम अजून देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत, "पत्ता चुकीचा आहे" म्हणून परत पाठवतात. म्हणून काकांनी 'भारत' घ्यावे, पण एकटे नको. 'इन'च्या जोडीला घ्यावे. पाटीवर दोन्ही लिहावीत.

नाव घेताना काकांनी एक खबरदारी मात्र घेतलीच पाहिजे. लोक "नाव विकत घेतले" म्हणतात, पण नाव विकत मिळत नाही. तो भाडेपट्टा असतो, कमीत कमी एक वर्षाचा आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत तर थोड्या दिवसांच्या सवलतीनंतर नाव पुन्हा बाजारात जाते. शिवाय पट्टा कोणाच्या नावे आहे हे पाहायचे. संकेतस्थळ बनवून देणारा मुलगा पुष्कळदा नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवतो, सोय म्हणून. पुढे तो गाव सोडून गेला की दुकानाच्या पाटीची किल्ली त्याच्याबरोबर जाते. नोंद दुकानाच्या नावे, काकांच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावर हवी, आणि मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिलेली बरी.

करून पाहा: आठवडाभर तुमच्या गावातल्या दुकानांच्या पाट्या, बिले, पिशव्या आणि एसटी स्टँडवरच्या जाहिराती पाहून त्यांवरचे पत्ते वहीत टिपून घ्या. किती जणांचे स्वतःचे नाव आहे आणि किती जण फुकटच्या ईमेल पत्त्यावर भागवतात? प्रत्येक पत्ता उजवीकडून वाचून कोणत्या वहीतला ते समोर लिहा. निक्सीच्या संकेतस्थळावर 'इन'चे कोणतेही नाव घालून ते केव्हा नोंदले आणि त्याची मुदत केव्हा संपते हे पाहता येते. एखाद्या दुकानाची मुदत येत्या महिन्या-दोन महिन्यांत संपत असेल, तर जाता जाता दुकानदाराच्या कानावर घाला.